नानांचा नेम

"दाजी, हात खिशात," गजामामा दबक्या आवाजात म्हणाला आणि हॉटेलच्या जिन्याची पहिली पायरी चढला.

नानांचा हात खिशातच होता. चैत्रातली दुपार, सातारच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि माझे वडील काळा लोकरी कोट घालून जिना चढत होते. कोटाला खोल खिसे होते, म्हणून कोट. उजवा हात एकदा त्या खिशात गेला की तो थरथरतोय हे कळायला माणसाने खिशाला कान लावायला हवा होता.

माझे वडील कोरेगावचे शिंपी. त्यांनी शिवलेला कोट घालून तालुक्यातल्या अर्ध्या नवरदेवांनी अक्षता घेतल्या असतील. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नव्हता, पण कात्रीला होता. दुकान कारागिरांच्या हाती गेलं आणि नाना गल्ल्यामागे बसायला लागले. मग बारामतीचं एक चांगलं स्थळ मला सांगून आलं आणि परतही गेलं. "बापाला आहे ते पोरीला होणार," असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं. पण सोयरीक जमवताना डॉक्टरला कोण विचारतो?

म्हणून फलटणच्या बारटक्क्यांचं स्थळ आलं तेव्हा सगळी सूत्रं गजामामाने हाती घेतली. मामा आईचा धाकटा भाऊ. औषध कंपनीची बॅग घेऊन दहा जिल्हे हिंडायचा, त्यामुळे हॉटेल या विषयावर त्याचा शब्द आमच्या घरात शेवटचा. मुलगा, अरविंद, आधी एका मित्राबरोबर घरी येऊन मला बघून गेला होता. तेव्हा नानांना मुद्दाम मावशीकडे धाडलं होतं. अरविंद पाटबंधारे खात्यात होता, कमी बोलायचा, आणि पोह्यांत सापडलेली मिरची गुपचूप बशीच्या कडेला ठेवून "छान झालेत" म्हणाला होता. मला तो आवडला होता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण रात्री झोप लागेना झाली होती. आता दोन्हीकडच्या थोरांची भेट व्हायची होती, आणि ती हॉटेलात व्हावी असं त्यांच्याकडूनच आलं. "तुम्ही सातारला या, आम्हीही तिथेच येतो," असा त्यांचा निरोप होता.

घरी असती भेट तर नाना नमस्कार करून आत गेले असते. हॉटेलात आत कुठे जाणार? टेबलाला बसायचं, आणि बसलं की जेवायचं.

"एकादशी!" मामाने पंचांग आपटलं होतं. "एकादशीला गाठ घालायची. दाजींचा उपास असतोच. उपाशी माणसाला कोण जेव म्हणतंय?"

आई म्हणाली, "देवाला मधे घालू नकोस, गजा."

"अगं, खोटं कुठं आहे? उपास खराच आहे की!"

तो खराच होता. नाना एकादशी कधी चुकवत नसत. घरी आई त्यांना वरीचे तांदूळ दाण्याच्या आमटीत सैल कालवून वाटीत द्यायची आणि ते दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायचे. त्या वेळी आम्ही कोणी त्यांच्याकडे बघायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं.

जिना चढता चढता मामाची शेवटची शिकवणी चालू होती. "वैजू, पापड मागवायचा नाही, वाजतो. पहिल्यांदा भात मागवायचा नाही, आजारी माणसासारखं दिसतं. चहा आला तर बशीत ओतायचा नाही. आणि अक्का, तू 'आमच्या घरी याहून चांगलं होतं' असं म्हणायचं नाहीस."

"होतंच मुळी," आई म्हणाली.

वर फॅमिली रूममध्ये पंखा गरगरत होता आणि बारटक्के मंडळी आधीच येऊन बसली होती. मुलीकडचे उशिरा आले, हे पहिलं पाप.

नारायणराव बारटक्के म्हणजे भरदार माणूस. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, फलटणला कापडाचं दुकान. शेजारी त्यांची पत्नी, नाकात मोत्याची नथ, आणि पलीकडे अरविंद. नानांनी नमस्काराला हात काढले. दोन हात जुळले की एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे नमस्कार निभावला. मग उजवा हात परत आपल्या खिशात गेला.

"कोट घरचाच काय, पाहुणे?" बारटक्क्यांची नजर कापडावर. जातच ती आमची, माणसाच्या आधी शिवण बघणारी.

"हो. मीच शिवलेला."

"बघा, कॉलर बघा!" ते बायकोला म्हणाले. "अशी कॉलर बसवणारा माणूस राहिला नाही आता. अरविंदच्या लग्नाचा कोट तुमच्याच हातचा पाहिजे हां."

नाना हसले. आईने पदर सारखा केला. मामाने घाईघाईने मेनूकार्ड उघडलं आणि "तुम्ही सांगा" चालू झालं. ते म्हणाले तुम्ही सांगा, आम्ही म्हणालो तुम्ही सांगा. बारटक्केकाकू म्हणाल्या आम्हाला काहीही चालतं, आई म्हणाली आम्हाला तर काहीच लागत नाही. वेटर, चांगला पोक्त माणूस, वही घेऊन उभा होता. त्याने असली टेबलं पुष्कळ पाहिली असावीत. शेवटी त्यानेच पुरी-भाजी आणि मसालेभात सुचवला आणि सगळ्यांनी एकदम माना हलवल्या.

"आमच्या दाजींना काही नको बरं का," मामा सहज वाटेल अशा बेताने म्हणाला. "त्यांचा उपास आहे आज."

बारटक्क्यांनी टेबलावर थाप मारली. पाण्याचे पेले हलले.

"मग माझा काय दसरा आहे होय? अहो, माझाही उपासच! घरात मी एकटा एकादशीवाला, ही सगळी सुटलेली. आज जोडीदार मिळाला. ओ दादा," ते वेटरला म्हणाले, "खिचडी आहे ना साबुदाण्याची? दोन प्लेटा. वर दही. एकादशी आन् दुप्पट खाशी!"

वेटर गेलासुद्धा.

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण तो बघायची मला हिंमत नव्हती. महाराष्ट्रात राहून, दहा जिल्हे फिरून, त्याला एवढंच सुचलं नव्हतं की आपल्याकडे उपास म्हणजे उपाशी राहणं नव्हे. उपास म्हणजे वेगळा स्वयंपाक. आणि त्यातही साबुदाणा! एकेक मोती सुटा, चमच्यात ठरत नाही, चांगला हात असला तरी दोन दाणे सांडतात. चपातीचा घास एक वेळ मुठीत दाबून तोंडाशी नेता येतो. खिचडी कशी नेणार?

"दाजी बहुतेक नुसतं दूधच घेतात," मामा म्हणाला.

"दुधावर काय राहायचंय? वय काय त्यांचं? माझ्याबरोबर खातील."

"नाही म्हणजे, पोटही जरा बरं नाहीये त्यांचं."

"आत्ता तर ठीक होते की," काकू म्हणाल्या. त्या साधेपणानेच म्हणाल्या, पण मला वाटलं, झालं.

खिचडी आली. पांढऱ्या बश्यांत दोन ढीग, दाण्याचं कूट, वर कोथिंबिरीचं पान. एक बशी बारटक्क्यांपुढे, एक नानांपुढे. आमच्या पुऱ्याही आल्या, टम्म फुगलेल्या. कोणी हात लावला नाही. मोठ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी घ्यायचा नाही, ही रीत घरची असो की हॉटेलची. आणि बारटक्के चमचा हातात धरून नानांसाठी थांबले होते.

"घ्या. तुम्ही वडील आहात. करा सुरू."

नाना खिचडीकडे बघत होते. पुऱ्या बसत चालल्या. अरविंदने हात मांडीवर घेतला. पंख्याचा आवाज एवढा मोठा आधी नव्हता.

"दाढ दुखतेय त्यांची," मामा म्हणाला.

हे तिसरं कारण होतं. बारटक्क्यांनी चमचा खाली ठेवला.

"गजाननराव, मघाशी दूध, मग पोट, आता दाढ. हे काय चाललंय?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझ्या पंक्तीला बसून घास घ्यायचा नसंल तर सोयरीक कशाला करायची? पसंत नसंल तर तसं सरळ सांगा. आम्ही उठतो."

"अहो, असं नका म्हणू!" आई म्हणाली.

"मग कसं म्हणू?" ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू सांग. तुझ्या तोंडावरनं तू खोटं बोलायची नाहीस. तुझ्या वडलांना काय होतंय का?"

मी नानांच्या शेजारी होते. त्यांचा कोपर माझ्या कोपराला लागून होता, आणि तो हलला. खिशातून हात वर येत होता. मनगट दिसलं, सदऱ्याची बाही दिसली. नानांनी ठरवलं होतं. ते हात टेबलावर ठेवणार होते, सगळ्यांसमोर, आणि म्हणणार होते, हे असं आहे. आणखी एक क्षण मी गप्प बसले असते तर त्यांनी ते केलं असतं. मी शपथेवर सांगते.

मला समोर अरविंद दिसत होता. मला बारामती आठवली.

"काही नाही," मी म्हणाले. "त्यांना काही होत नाही. त्यांचा नेम आहे. ते बाहेरचं खात नाहीत."

हे मला कुठून सुचलं, मला आजही माहीत नाही. मामाच्या तीन थापांपेक्षा माझी एक सरस होती, आणि ती मी बारटक्क्यांच्या डोळ्यांत बघून मारली.

"नेम?" बारटक्के म्हणाले. "कसला नेम?"

कोपर थांबला. नानांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढतं तेव्हा ते जसं बघायचे, तसं पाहिलं. सगळं कळल्यासारखं आणि न बोलता सोडून दिल्यासारखं. मग हात हळूच परत खाली गेला.

"पोरगी सांगते ते खरं आहे," नाना म्हणाले. "मी परान्न घेत नाही. घराबाहेर, परक्याचं अन्न घेत नाही. पाणी चालतं."

"आन् हे आधी सांगायचं नाही?"

"नेमाचा डांगोरा कशाला पिटायचा?"

बारटक्क्यांनी टोपी काढली. खरंच काढली, आणि डोकं खाली घातलं. "चुकलो, पाहुणे. मी तुमचा नेम मोडायला निघालो होतो, तेही एकादशीला. दादा, ही बशी उचला आधी." वेटरने बशी उचलली. "किती वर्षं झाली?"

"झाली बरीच."

"पण मग," काकू चाचरत म्हणाल्या, "उद्या पोरीच्या घरी आलात, तर?"

नानांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला जवळ ओढला.

"पोरीचं घर म्हणजे जावयाचं घर," ते म्हणाले. "तेही परान्नच."

"वा!" बारटक्के म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अशा माणसाची पोर घरात यायला भाग्य लागतं. गजाननराव, कसली बैठक अन् काय, माझ्याकडून ठरलं."

मामाने टेबलाखाली मला अंगठा दाखवला. आई रडायला लागली, आणि सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं. मग जेवणं झाली. नाना पाण्याचा पेला घेऊन बसले होते आणि मी, लाज वाटते सांगायला, चार पुऱ्या खाल्ल्या. इतक्या दिवसांनी मला भूक लागली होती. एकदा अरविंदने माझ्याकडे बघून भाजीची वाटी पुढे सरकवली, तेव्हा तर जगात मला काहीच कमी नव्हतं.

जिना उतरताना मामा म्हणाला, "वैजे, माझ्यापेक्षा तू तयार निघालीस." घरी गेल्यावर आईने वाटीत वरीचे तांदूळ कालवले.

लग्न झालं. नानांचा हात लोकांना दिसायचा तो दिसलाच, अशा गोष्टी किती दिवस खिशात राहणार? पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी पाहिला. मी दाराआड उभी होते, जीव मुठीत धरून. सासरे म्हणाले, "पाहुणे, हे कधीपासून? औषध घेता ना नीट?" आणि मग साखर कारखान्याच्या गोष्टी सुरू झाल्या. बस्स, एवढंच. सासूबाईंनी रात्री मला विचारलं, "तुझ्या वडलांना तेल कोणतं लावता?" ज्याच्या भीतीने आम्ही पंचांगं उलगडली होती, ते त्या घरात पाच मिनिटंही टिकलं नाही.

टिकला तो नेम. सासऱ्यांनी तो दुकानात सांगितला, मंदिरात सांगितला, पाहुण्यारावळ्यांना सांगितला. नाना आले की गल्लीतली माणसं त्यांच्या पाया पडायला यायची. माझ्या घरी पंगत बसायची आणि माझे वडील बाजूला खुर्चीवर पाण्याचा पेला घेऊन बसायचे. माझ्या मुलाच्या बारशाला दीडशे पानं उठली. माझा बाप त्यांतल्या एकाही पानावर नव्हता.

एकदा माहेरी मी त्यांना म्हणाले, "नाना, सांगून टाकते मी खरं. हात तर सगळ्यांना माहीतच आहे. आता काय बिघडणार आहे?"

"हाताचं काही नाही गं," ते म्हणाले. "पण सासऱ्यांनी तुला विचारलं होतं. तुझ्या तोंडावर भरवसा ठेवून विचारलं होतं. ते खोटं होतं, असं त्यांना कशाला कळायला पाहिजे? त्या घरात तुला जन्म काढायचाय."

"पण माझ्या हातचं तुम्ही..."

"काही मरत नाही मी उपाशी."

मी आग्रह धरला नाही. सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सासऱ्यांसमोर उभं राहून "मी खोटं बोलले" म्हणायचं धाडस मला, नाना होते तोवरच्या नऊ वर्षांत, झालं नाही.

त्या नऊ वर्षांतल्या शेवटच्या वर्षी होळीला नाना फलटणला आले होते. घरात पुरणपोळीचा बेत होता. पुरणाचा वास सगळ्या वाड्यात भरलेला, आणि ते पाणी पिऊन नातवाशी खेळत होते. निघताना मी सहा पोळ्या डब्यात भरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा डबा आईसाठी हां, नाना."

"तिला आवडतात," नाना म्हणाले.

ते गेल्यावर दिसलं की चष्म्याचं घर खुर्चीवर राहिलंय. मी ते घेऊन भराभरा एसटी स्टँडवर गेले. कोरेगावची गाडी लागली नव्हती. फलाटावर नाना नव्हते. मी शोधत पार टोकाला गेले, जिथे मोडक्या बाकांच्या पलीकडे नुसती भिंत आहे.

ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मांडीवर डबा उघडा. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं होतं आणि पोळीचा तुकडा तोंडाकडे नेत होते. तो मधेच थरथरला, पुरण धोतरावर पडलं. त्यांनी ते टिपून उचललं, खाल्लं, आणि पुढच्या तुकड्याला मनगट धरलं. किती भूक लागली असेल ते त्या घाईवरून कळत होतं. सकाळी सहाच्या गाडीने निघालेला माणूस, आणि तीन वाजले होते.

मी खांबाआड उभी राहिले. सहाही पोळ्या संपेपर्यंत उभी राहिले. त्यांनी डबा बंद केला, धोतर झटकलं, तोंड पुसलं. मग मी डोळे कोरडे केले आणि पुढे गेले.

"नाना, चष्मा विसरलात."

ते दचकले. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग हसले. "वय झालं, वैजू."

"पिशवी द्या, डबा आत ठेवते."

मी डबा उचलला. हाताला काही वजनच लागलं नाही, नुसतं अॅल्युमिनियम.

"नीट ठेव हां," नाना म्हणाले. "आडवा करू नकोस. पोळ्या मोडतील."

"नाही मोडणार," मी म्हणाले, आणि तो रिकामा डबा दोन्ही हातांनी, अगदी सरळ धरून, पिशवीत ठेवला.